धुऱ्यावरची खोली

८ ऑक्टोबर २०१८, सोमवार
जळगाव जामोदहून एसटीनं दीड तास, मंग सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत पायी. पोचलो बुवा एकदाचा. पंचायतीची इंटरनेटची तार तुटली म्हणून मले उंद्रीहून धाडलं. मोबाइलले रेंज नाही, गावाचं सारं त्या तारेवरच. सरपंच वामनरावांनी सोयऱ्यावानी घेतलं. त्यांच्या बायकोनं, गोजरबाईनं, भाकर-ठेचा वाढता वाढता घरचं सारं विचारलं. माह्या बायकोले, पुष्पाले, सातवा महिना आहे म्हटल्यावर लय खूश झाल्या. मुक्काम गावाबाहेर, कापसाच्या धुऱ्यावरच्या, म्हंजे वावराच्या बांधावरच्या, खोलीत. काम झाल्याच्या कागदावर आजच सही करून देली. आमी सारेच देतो, त्याच्यापायी पुन्हा कोण खेटे घालते? बुधवारी घरी.

९ ऑक्टोबर
साऱ्या जिल्ह्यात बोंडअळी, इथं एक बोंड किडकं नाही. वामनराव म्हणाले, बीटीच्या थैलीसंगं साध्या सरकीचं छोटं पाकीट येते, लोक फेकून देतात, आमी धुऱ्यावर पेरतो. अळी त्याच्यावर ताव मारते, मधलं पीक वाचते. हुशार लोक!
तार सापडली. तुटली नाही, विळ्यानं कापली. बाजूले जुने तीन जोड. जोडणारा जोडाच्या डब्यावर नाव-तारीख लिहिते, आमची रीतच तशी. तीन माणसं, तीन वर्षं, महिना ऑक्टोबरच. डोकं चाललं नाही.
सकाळी उशीले बारीक भोकं होते. माह्या दंडालेही एक. दुखत नाही.

१० ऑक्टोबर
तार जोडली. खोलीतला इंटरनेटचा डबाही लावला, दिवा हिरवा.
दंडाचं भोक बुजलं. वरून साजरं, पण आत काहीतरी सरकते. खुंटीवर तीन सदरे आहेत. आज नीट पाह्यलं, तिन्हीच्या खिशावर आमच्याच कंपनीचा शिक्का.
पळून जाव म्हटलं तर पाय उचलत नाही.

११ ऑक्टोबर
साहेबाले मेसेज टाकला. उत्तर आलं, काम झाल्याचा कागद पंचायतीनं धाडला, तू कालच निघाला, सही तुहीच, पिऊन थापा मारू नको.
भेव वाटते. पुष्पाले लिहिलं, मले घ्याले ये.
गोजरबाई भाकर घेऊन आली. डोक्यावरून हात फिरवला, रडली. म्हणे, पहिले दरसाली गावचंच एक लेकरू जाये. तार आली तवापासून एकही गेलं नाही. म्हटलं, मीच काऊन? म्हणे, धुऱ्यावर परकंच बी लागते, बापा.

१२
पुष्पाचा मेसेज — दुपारच्या एसटीनं निघाली. एकटीच.
येऊ नको, येऊ नको — लिहून राह्यलो — जात नाही. दिवा लाल. तार पुन्हा कापली त्यांनी —
पोटात सरकते —
गोजरबाई आली. दुसरी उशी ठेवली. शेजारी. अन् एक बारकी, लेकराची —
बाहेर पुष्पाचा आवाज. वामनराव तिले म्हणतात, ये माय, दमली असशीन —
पुष्पा मागं फि