सासूबाईंनी राखलेली सायकल

प्रिय सासूबाई,

तुमच्या हयातीत तुम्हांला 'प्रिय' म्हणायची माझी छाती झाली नसती. पण आज लिहिल्यावाचून राहवत नाही. आज आमच्या शाळेची तपासणी होती. साहेबांनी मला ओळखलं आणि मुलांचं वाचन घ्यायच्या आधी विचारलं, "बाई, सासूबाई बऱ्या आहेत ना?" तुम्ही दिवाळीआधीच गेलात म्हटल्यावर त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. मग खुर्चीवर बसले आणि ती जुनी गोष्ट आठवून हसायला लागले. मीही हसले. या दोघांना झालं काय, वर्गाला कळेना.

आठवतात का ते साहेब? ज्यांची सायकल तुम्ही तीन तास सोडली नाहीत ते.

माझी पहिली सायकल मंडईच्या दारातून चोरीला गेली, संस्थान विलीन झालं त्याच वर्षी. मी रडत घरी आले तर तुम्ही म्हणालात, "रडून सायकल येती व्हय?" फार लागलं होतं मला ते. पण दुसरी घ्या म्हणून यांच्यामागं लकडा लावलात तोही तुम्हीच. सायकलीवाचून मला शिरोलीची शाळा गाठता येत नव्हती, आणि परीक्षा पास झाल्याशिवाय नोकरी कायम होणार नव्हती.

नेमकं परीक्षेच्या सकाळी सायकलीचं कुलूप बिघडलं. "तू पेपर लिव्हाय जा. मी बसते राखणीला," म्हणत तुम्ही पायताण घातलंत.

परीक्षेच्या केंद्रावर पोचल्यावर मी आत गेले. तुम्ही नळावर पाणी प्यायला गेलात, तेवढ्यात शिपायानं माझी सायकल सावलीत हलवली आणि त्या जागी साहेबांनी आपली लावली. तुम्ही परत येऊन तिच्याच चाकाला पदर बांधून बसलात!

पुढचं मला आज साहेबांच्या तोंडून नीट कळलं. पेपर वाटून ते घरी निघाले होते.

"पावणं, हात काढा. सुनंची सायकल हाय ती."

"अहो, माझी आहे."

"समदे चोर असंच म्हणत्यात."

"बायकांच्या सायकलीला मधे दांडा नसतो, बाई. हिला बघा, आहे."

"मग आमच्या पोरानं बसवून घेतला असंल."

मग साहेबांनी घरी जायचा नाद सोडला.

मी बाहेर आले तर तुम्ही मातीत फतकल मारून बसलेल्या, आणि साहेब शेजारच्या पायरीवर तुमची भाकरी आणि मिरचीचा खर्डा खात होते. माझी सायकल पलीकडं लिंबाखाली, बिनकुलपाची, सुखरूप. पेपर हेच साहेब तपासणार, असं सगळे म्हणत होते. मी हात जोडले. ते म्हणाले, "माझ्या सायकलीला इतका चांगला राखणदार कधी मिळाला नव्हता." पदराची गाठ सुटेना, तर तीही त्यांनीच सोडली.

घरी जाताना मी तुमच्याशी बोलले नाही. तुम्ही उन्हातून माझ्यामागं चालत होतात आणि मी पाणी हवंय का एवढंही विचारलं नाही. पास झाल्यावर पेढा हातावर ठेवला, पण त्या दिवसाबद्दल अवाक्षर नाही. का नाही बोलले मी?

आज साहेब म्हणाले, "तीन तास त्या तुमचंच सांगत होत्या. चुलीपुढं पुस्तक वाचती, भाकरी करपती, पण सून लई हुशार हाय माझी, म्हणाल्या." सासूबाई, हे मला एकदा तरी सांगायचं होतंत. भाकरी करपल्याचं तेवढं रोज सांगितलंत.

धाकट्या जाऊबाईंना सायकल शिकायची आहे. या रविवारी शाळेच्या मैदानावर घेऊन जाणार आहे त्यांना. पडल्या तर उठवीन. आणि दहा हात जरी नीट चालवली तरी शाबास म्हणेन. तोंडावर, मोठ्यांदा, चारचौघांत. हा माझा शब्द.

तुमची थोरली सून,
सुशीला