पंगतीत वाढणाऱ्या बायका

लातूर, रविवार, संध्याकाळ

हार्ड डिस्क भरली. शबाना म्हणते, "अब्बा, कॅसेटीवरून उतरवलेली जुनी लग्नं नव्या फॉरमॅटमध्ये कॉम्प्रेस करा, निम्मी जागा लागंल. क्लासवाल्यांची लेक्चरं कुठं ठेवू?" पोरीचं चुकत नाही. स्टुडिओ आता क्लासवाल्यांवरच चालतो.

दुपारी एक लग्न तसं करून पाहिलं. भूकंपात गेलेल्या गावातलं, त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात मीच शूट केलेलं. तेव्हा पंगतीवरून कॅमेरा सावकाश फिरवावा लागायचा. एखादा सुटला की लोक रुसायचे. नव्या फाइलीत नवरा-नवरी झकास. मागं वाढणाऱ्या बायकांचे चेहरे मात्र मेणासारखे सपाट झाले. वाटलं, त्यांना कोण बघतंय?

तेवढ्यात त्याच गावचा बालाजी आला. भूकंपात घरचे गेले तेव्हा हा पाळण्यात होता. पडद्यावरचं लग्न कुणाचं ते विचारून म्हणाला, "चाचा, या लग्नात माझी माय वाढायला होती, मामा सांगायचा. तिचा एक फोटो न्हाई." मामाही आता नाही. मी मूळ फाइल लावली. बायका वाढत वाढत पुढं सरकल्या. त्यानं पुन्हा लावायला सांगितलं. मग पुन्हा. शेवटी हळूच विचारलं, "चाचा, यातली माझी माय कोणती हाय?"

मला तरी कुठं माहीत?

शबानाला सांगितलं, लेक्चरं कॉम्प्रेस कर, लग्नाला हात लावू नको. त्याची माय कोणती ते कळलं असतं तर तेवढी जपली असती. आता सगळ्याच जपायच्या.