बिनअंड्याची बिस्किटं

आई,

आज सकाळी तुझ्या नातसुनेनं मला ओव्हनचं बटण कसं फिरवायचं ते पुन्हा एकदा शिकवलं. पीठ मळता मळता तिनं सहज विचारलं, "आई, एक अंडं घालू का? छान फुलतील." मी इतक्या जोरात 'नको' म्हटलं की पोर दचकलीच. घरात सगळे अंडी खातात, मग बिस्किटांनीच काय घोडं मारलंय, असं तिला वाटलं असणार. सगळी हकिकत सांगायला बसले असते तर पीठ वाळून गेलं असतं. म्हणून तुलाच लिहितेय. तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी काही गोष्टी तुझ्याशीच बोलाव्याशा वाटतात.

चिंचवड स्टेशनजवळची आपली चाळ. सत्तरच्या आसपासचे दिवस. कंपन्या एकामागून एक उभ्या राहत होत्या आणि अण्णांसारखी माणसं कुठून कुठून येऊन त्यांत चिकटत होती. आपण बार्शीकडचे, शेजारचे चाकणकडचे. अण्णा आणि शेजारचे काका एकाच कंपनीत, एकाच शिफ्टला, एकाच सायकलवर डबलसीट. पण ही दोस्ती चाळीच्या नळापाशी संपायची. आपल्या दारातून समोरच बुद्धाची तसबीर दिसायची, आणि ती दिसली की काही बायकांची पावलं उंबऱ्याबाहेरच थांबायची. काकूंची मुलगी माझ्याच वर्गात. सबंध चाळीत माझ्याशी खेळणारी ती एकटी, तीही बाहेर ओट्यावर. पूजा नसली तरी दिवाळीचा फराळ तू हौसेनं करायचीस, आणि त्यातली बिस्किटं म्हणजे तुझा मान. पीठ, डालडा, साखर, अंडी घेऊन तू बेकरीच्या भट्टीवर जायचीस, तिथं बाकीच्या बायकांच्या रांगेत बसून पत्र्यांवर बिस्किटं थापायचीस आणि डबा भरून आणायचीस.

एका वर्षी तू शेजारी फराळाचं ताट पाठवलंस. काकूंनी ते दारातच घेतलं आणि गोड आवाजात म्हणाल्या, "तुमच्या बिस्किटांत अंडं असतं ना हो? आमच्या सासूबाई माळकरी." मग ताटातला चिवडाही कुणी खाल्ला नाही. चिवड्यात कुठलं अंडं आलंय? मला तेव्हाही कळत होतं की अडचण अंड्याची नव्हती. तुला तर ते माझ्या आधीपासून कळत होतं. तरी तू म्हणालीस, "पुढच्या खेपेला अंडं नाही घालायचं." अण्णा भडकले. "त्यांच्यासाठी आपण आपली जीभ का मारायची?" तू शांतपणे ताट विसळत म्हणालीस, "अंडं काढलं की त्यांच्याकडं सबब उरत नाही. मग बघू काय सांगतात."

पुढचा उन्हाळाभर आपल्या घरानं जे सोसलं ते आठवलं की अजून हसू येतं. जुन्या पातेल्यात वाळू तापवून, त्यावर ताटली ठेवून तू घरीच प्रयोग मांडलेस. पहिली बिस्किटं दगडासारखी झाली. दुसरी पसरून सगळ्यांची मिळून एकच भाकरी झाली. अण्णा म्हणाले, "ही कंपनीत नेतो, वॉशर म्हणून बसतील." पण चहात बुडवून आम्ही सगळी संपवली, कारण टाकायची पद्धत आपल्याकडं नव्हती. शेवटी तू डालडा आणि साखर परातीत तळव्यानं इतकी फेसलीस की पांढरीशुभ्र झाली. त्यात चमचाभर दही, चिमूटभर सोडा, मूठभर रवा. ती खाऊन अण्णांनी आणखी एकासाठी हात पुढं केला. आजही मी ओव्हनपाशी असते तेव्हा तशीच फेसते. मशीन आहे घरात, पण हाताला कळतं ते तिला कळत नाही.

मग दिवाळी आली. भट्टीवर त्या दिवशी चेंगराचेंगरी होती. आपला डबा आणि शेजारचा डबा, दोन्ही कंपनीच्या कँटीनमधले तेलाचे चौकोनी डबे. भट्टीवाल्यानं ते बदलून भरले. काका शिफ्ट सुटल्यावर एक घेऊन गेले, तू दुसरा आणलास. घरी झाकण काढलं तर प्रत्येक बिस्किटावर चारोळी. चाळीत चारोळी लावणाऱ्या एकट्या काकू. पलीकडून बश्यांचा आवाज येत होता, काका मोठ्यानं म्हणत होते, "यंदा झकास जमलीत! चारोळी तेवढी भट्टीत गळली वाटतं."

मी तुझा पदर धरला. "आई, सांगू नकोस ना. त्यांना काय कळणार?" मला दुसरं काही दिसतच नव्हतं. तू खरं सांगितलंस तर काकू माझ्या मैत्रिणीला ओट्यावरही येऊ देणार नाहीत, एवढंच दिसत होतं.  तू झाकण लावलंस, पदर खोचलास आणि मला म्हणालीस, "चल."

शेजारच्या आजी खाटेवर बसून बिस्किट चहात बुडवत होत्या. तू दारातूनच म्हणालीस, "वहिनी, भट्टीवर डबे बदलले. हा तुमचा. तुम्ही उघडलाय तो आमचा." काकूंचा चेहरा उतरला. काका उगीच खिडकीबाहेर बघायला लागले. तू मग आजींकडं वळलीस. "आजी, अंड्याचा थेंब नाही त्यात. तुमच्या माळेला काही झालेलं नाही. बाकी तुमचं तुम्ही बघा."

आजींनी हातातलं अर्धं बिस्किट उलटसुलट करून पाहिलं. मग म्हणाल्या, "आता काय पोटातनं भाईर काढू व्हय?" आणि उरलेलं तोंडात टाकलं. काकूंनी मात्र त्यांच्याकडं उघडलेला आपला डबा दोन बोटांनी उचलून बाहेर ओट्यावर ठेवला, तो तू घरी आणलास.

दुसऱ्या दिवशी माझी मैत्रीण खेळायला आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी तुझ्याशी बोलणं टाकलं. तू समजूत काढायला आली नाहीस, माफीही मागितली नाहीस. नुसती ताटात वाढत राहिलीस. खरं सांगते, तेव्हा मला गप्प बसणारी आई हवी होती.

भाऊबीजेला दुपारी दारात काठी वाजली. आजी होत्या. "पोरी, त्या दिशीची हायती का अजून? आमच्या सुनंची दातानं फुटत न्हाईत." तू पाट मांडलास. त्या उंबरा ओलांडून आत आल्या, तसबिरीखाली टेकून बसल्या आणि ताटलीतलं एकेक बिस्किट सावकाश खाल्लं. चहा घेतला. थोड्या वेळानं त्यांना शोधत काकू आल्या आणि दारातच थबकल्या. आजी म्हणाल्या, "ये की आत. उंबऱ्यात काय हुभी ऱ्हायलीस?" काकू आत आल्या नाहीत. त्या कधीच आल्या नाहीत, आपण चाळ सोडली तोपर्यंत नाहीत. पण त्यांच्या हाताखालून वाकून माझी मैत्रीण आत शिरली, माझ्याशेजारी बसली आणि आजीच्या ताटलीतलं एक उचललं. काकूंनी तिला हाक मारली नाही.

तू गप्प बसली असतीस तरी त्या घरानं आपली बिस्किटं खाल्लीच असती, कुणाची ते न कळता. आजींनी ती तुझी म्हणून खाल्ली. एवढा फरक समजायला मला अर्धं आयुष्य लागलं. आई, पुढं माझ्या आयुष्यात जिथं जिथं मी खरं ते तोंडावर सांगू शकले, ते तुझ्यामुळं. त्याचे उपकार कसे मानायचे मला कळत नाही, म्हणून दरवर्षी तशीच हातानं साखर फेसते.

हे कुणाला वाचून दाखवणार नाही, कारण यात एक गोष्ट आहे जी मी अण्णांनाही कळू दिली नाही. ते म्हातारपणीही येणाऱ्याजाणाऱ्याला ही हकिकत सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, "आमची बाई कुणाच्या बापाला भ्यायली नाही." मी मान डोलवायचे. पण त्या दिवशी शेजारच्या दारात तू माझा हात धरून उभी होतीस. तुझा तळवा गार पडला होता आणि सारखा थरथरत होता.