सप्टेंबरचा शेवटचा शनिवार

८ मार्च
ब्रिओनीने लग्नाची तारीख काढली, २७ सप्टेंबर. म्हणे त्या दिवशी हॉल सहज मिळतो. मिळणारच. त्या दिवशी ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा अंतिम सामना. मेलबर्नमध्ये कोणी शहाणा तेव्हा लग्न ठेवतो का? शिवाय यंदा त्यात आमची वॉरंडेलची टीम असणार. मुलीला स्पष्ट सांगितलं, बाप मैदानावर असेल. ती रडली. तारीख २३ ऑगस्टवर आणली. साखळीतला शेवटचा सामना बुडेल, पण मुलीसाठी एवढं करायलाच हवं.

फ्रिजवर गुणतक्त्यासारखी अठरा संघांची चुंबकं लावली. वॉरंडेल सर्वांत वर.

२२ मार्च
हरलो. ७४ गुणांनी. वारा फार होता. डोरीन म्हणाली, वारा दोघांनाही होता. बायकोला खेळातलं कळत नाही. चुंबक हलवलं नाही.

१७ मे
अजून खातं उघडलं नाही. तळाला आहोत. होणारे जावई लॅकलन चुंबक खाली लावून गेले. वर विचारलं, सासरेबुवा, तारीख परत सप्टेंबरात नेऊ या का? पोरगा चांगला आहे, श्रद्धा नाही.

संकल्प: जिंकेपर्यंत वॉरंडेलचा मफलर धुणार नाही.

१२ जुलै
रेडिओ म्हणतो, अंतिम आठांत जायची गणिती शक्यताही संपली. रेडिओवाल्यांचं गणित कच्चं आहे. मफलर डोरीनने गॅरेजमध्ये टाकला.

२३ ऑगस्ट
लग्न पार पडलं. डोरीनने फोन आधीच काढून घेतला होता. माझं भाषण झकास. चष्मा लावून, मान वर न करता, चारही पानं वाचली. शेवटचं वाक्य म्हटलं आणि बाहेर पार्किंगपर्यंत जल्लोष. लोक बाहेरही उभे होते म्हणजे.

२४ ऑगस्ट
पेपर वाचला. वॉरंडेल काल जिंकली. एका गुणाने. अख्ख्या वर्षात एकदाच. डोरीनने मग सांगितलं, पाहुणे गाडीच्या रेडिओभोवती होते. ब्रिओनीसुद्धा, पांढऱ्या झग्यात. लहानपणापासून मीच तिला मैदानावर नेलं, बोलणार काय? हॉलमध्ये उरली होती लॅकलनची आजी. तिला ऐकू येत नाही.

२७ सप्टेंबर
अंतिम सामना. खेळणारे दुसरेच. ब्रिओनीचा फोन आला, बाबा, आज मोकळेच असाल, सोफा हलवायला या. गेलो.

लग्न आज असतं तर तो जिंकलेला सामना मी पाहिला असता आणि भाषण तिने ऐकलं असतं. फार वाईट वाटलं. चार पानं खिशात होती. विचारलं, वाचून दाखवू का? म्हणाली, आधी सोफा.