बाबांच्या बॅगा

शनिवार, संध्याकाळ

पुढच्या रविवारी कोपरचं घर सोडून माजिवड्याला जायचंय. खोके नकोत, पुन्हा वापरता येतील अशा चेनच्या मोठ्या बॅगाच घ्यायच्या, हे माझं ठरलेलं. आज बाबांना घेऊन दुकानात गेलेले. दुकानदार पारदर्शक खिडकीच्या बॅगा दाखवत म्हणाला, "ताई, आत काय ठेवलंय ते बाहेरून दिसतं." मला लगेच आवडल्या. बाबांना आता जवळजवळ दिसतच नाही, हे मी तेवढ्यात कशी विसरले?

बाबा मात्र एकेका बॅगेची हँडलं चाचपत होते. "अगं, ही जाड पट्टीची घे, माझ्या कपड्यांना. आणि ही गोल दोरीवाली औषधांना. हात लावला की कळेल कुठली ते." खिडकी राहिली बाजूला. वेगवेगळ्या हँडलांच्या चार बॅगा घेतल्या. बरोबरच केलं.

घरी येऊन मी त्यांचे सदरे भरायला घेतले, तर त्यांनी बॅग स्वतःकडे ओढली. "मीच भरतो. नव्या घरात सदऱ्यासाठी तुला हाका मारणार नाहीये मी."

महिनाभर मी धास्तावलेली, नव्या जागेत यांचं कसं होणार म्हणून. बाबा सगळे सदरे नीट घडी करून भरत होते आणि मी नुसती बघत बसले.