स्वरूपासाठी फिल्टर

१० ऑगस्ट, रविवार

फिल्टर घ्यायचा. ठरलं.

स्वरूपाला निलंग्याला माहेरी जाऊन आज सव्वीस दिवस झाले. जाताना एवढंच म्हणाली, "त्या घरातलं पाणी मी परत तोंडाला लावणार नाही." सातव्या महिन्यात कावीळ झाली. मुलगी पोटातच गेली. स्वरूपा चार दिवस आयसीयूत होती — वाचली.

मुलीचं नाव ठरवलं नव्हतं. अजून वेळ आहे म्हणत होतो.

हे सगळं कुणाशी बोलता येत नाही म्हणून वहीत लिहितोय.

१२ ऑगस्ट

फर्स्ट शिफ्ट. कॅन्टीनमध्ये विचारलं, कुठला फिल्टर चांगला. चार माणसं, पाच मतं. दादासाहेब आमचा सुपरवायझर, चाकणचाच, जुन्या घरातला. म्हणाला, "आरओ नको घेऊ राव. समदे क्षार काढून टाकतंय. आमी जन्मभर हिरीचं पाणी पेलो, काय झालं न्हाई." बोलून गेला आणि मग त्याला आठवलं, माझ्या घरी काय झालंय ते. जेवण होईपर्यंत ताटातच बघत राहिला. बाकीचेही.

१४ ऑगस्ट, गुरुवार — कंपनीला सुट्टी

बाटलीत घरचं पाणी भरून डांगे चौकातल्या दुकानात गेलो. बंटी नावाचा सेल्समन होता, माझ्याच वयाचा. पेनासारखं मीटर पाण्यात बुडवलं — क्षार ७८०. मग दोन कांड्या घातल्या, करंट सोडला. मिनिटभरात ग्लासात काळपट पिवळा गाळ. "बघा साहेब, हे पिताय तुम्ही."

मी कंपनीत क्वालिटी तपासणीत आहे. मला माहीत आहे की करंटनं ती लोखंडी कांडीच झिजते, चांगल्या पाण्यातही असाच गाळ दिसेल. तरी बघवेना.

तो फिल्टर दाखवत होता — आरओ, यूव्ही, दोन्ही मिळून. मध्येच विचारलं, घरात लहान मूल आहे का, म्हणजे त्या हिशेबानं सांगतो. विचार करून येतो म्हणालो आणि बाहेर पडलो. गाडी कुठे लावली तेच आठवेना. दोन चकरा मारल्या.

१५ ऑगस्ट

मामांना, म्हणजे सासऱ्यांना, फोन केला. "झोपलीय," म्हणाले. सकाळचे अकरा वाजले होते.

१८ ऑगस्ट

आता सगळं पाठ झालंय. आरओ क्षार काढतं. यूव्हीचा दिवा जंतू मारतो. आमच्याकडे महापालिकेचं एक दिवसाआड, बाकी बोअर आणि टँकर, सगळं एकाच टाकीत. म्हणजे दोन्ही असलेला फिल्टर पाहिजे.

पिणारा मी एकटा.

२१ ऑगस्ट, गुरुवार

टाकीच्या पाण्याचा नमुना लॅबमध्ये दिला होता. रिपोर्ट आला — पिण्यास योग्य. जंतू नाहीत. सोसायटीचे सेक्रेटरी बबनराव यांना दाखवला. ते खूश. म्हणाले, गेल्याच महिन्यात टाकी धुऊन घेतली ना आपण, मी सांगतच होतो.

गेल्या महिन्यात. म्हणजे आमचं सगळं झाल्यावर.

आजचं पाणी चांगलं आहे. जूनचं कुठून आणू तपासायला?

२४ ऑगस्ट, रविवार

लिहूनच टाकतो.

दिवस गेल्याचं कळलं तेव्हाच स्वरूपा म्हणाली होती, फिल्टर घेऊ. मी म्हणालो, कशाला, मी रोज उकळून देतो ना. आणि देत होतो. सकाळी उठून पातेलंभर पाणी उकळायचो, झाकून ठेवायचो, मग कंपनीची बस पकडायचो. ती गाढ झोपलेली असायची. मला बरं वाटायचं, तिच्यासाठी काहीतरी करतोय म्हणून.

जूनमध्ये ओव्हरटाइम सुरू झाला. जाग येईना. बस चुकायची. मग पाणी नुसतं तापलं, तळाशी बुडबुडे दिसले की गॅस बंद करायचो. वर झाकण. बघणाऱ्याला काय कळतंय! किती दिवस असं केलं — दहा? बारा? आठवायचा प्रयत्न करतो आणि आकडा दर वेळी वाढतो.

दवाखान्यात डॉक्टरांनी तिच्यासमोर विचारलं. ही कावीळ पाण्यातून होते, गरोदर बाईला फार जड जाते, पाणी उकळून पीत होता ना? मी म्हणालो, "रोज."

ती पलंगावर होती. तिनं ऐकलं. तेव्हापासून माझ्याशी धड बोललीच नाही. तिला माहीत असणार.

२८ ऑगस्ट, गुरुवार

फिल्टर बसवला. आरओ आणि यूव्ही दोन्ही. फिटरनं ओट्यावरच्या फरशीला भोकं पाडली, म्हणाला पहिली टाकी ओतून द्या, दुसरी प्या. ओतली. दुसरीतलं ग्लासभर प्यालो. कसलीच चव नाही.

फोटो काढून स्वरूपाला पाठवला. खाली लिहिलं — बसवला. दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.

२९ ऑगस्ट

उत्तर नाही.

३१ ऑगस्ट, रविवार

भूमहून आईचा फोन. घरी गौरी आल्यात. म्हणाली, सून नाही, नातवंड नाही, मी एकटीनं कुणासाठी मांडू हे? मग म्हणाली, ती येत नसली तर पुढचा विचार कर रविराज, आयुष्य पडलंय. मी हूं म्हणालो. का म्हणालो?

दोन माणसांच्या घरात एवढा मोठा फिल्टर लावला. एक माणूस तर येणारच नाही. मलाही आता ते दिसतंय.

२ सप्टेंबर, मंगळवार

संध्याकाळी स्वरूपाचा फोन. स्वतःहून.

फोटो बघितला म्हणाली. मग म्हणाली, "तुम्ही उकळलेलं पाणी मी शेवटी शेवटी प्यालेच नाही. पाचव्या महिन्यापासून त्याचा वास सोसायचा नाही, मळमळायचं. तुम्ही बसला गेलात की मोरीत ओतायचे. खालच्या मजल्यावर विमलबाई विकतचा जार घेतात, त्याचं गार पाणी आणून प्यायचे. रोज. तुम्ही एवढे पहाटे उठून करायचात, कुठल्या तोंडानं सांगू? डॉक्टरांना तुम्ही रोज म्हणालात तेव्हाही गप्प बसले. मीच मारलं तिला."

मग मी माझं सांगितलं. सगळं.

दोघंही रडलो. येतो म्हणालो. ती नको म्हणाली नाही.