सातने भाग जाणारं स्थळ

प्रिय मामा,

गितोंगाचा तुम्हाला आणि मामींना आदरपूर्वक नमस्कार. गुडघा आता चढण चढू देतो का? मामींनी पाठवलेली रताळी गोड निघाली. आम्ही न्योकाबीच्या घरी मागणी घालायला गेलो, त्याची बातमी तुमच्यापर्यंत पोचली असेलच. ‘गितोंगाने सासऱ्यावर करणी केली’ असं कोणी सांगितलं असेल, तर ते साफ खोटं. मी फक्त भागाकार केला.

अशा बैठकीत नवऱ्या मुलाने गप्प बसायचं आणि थोरांनी बोलायचं, हे मला ठाऊक आहे. पण आपल्या बाजूने बोलायला नेलेले मुरिगीकाका मधाच्या दारूचं दुसरं शिंग रिकामं करून पेंगू लागले, आणि न्योकाबीचे वडील मला म्हणाले, "गणिताचे मास्तर ना तुम्ही? काही येतं, की नुसता खडू झिजवता?" मला राहवेना. म्हटलं, एक तीन आकडी संख्या सांगा. चहाचा पाला विकतात त्या केंद्रातला आपला शेतकरी क्रमांक त्यांनी दिला, ४८२. तोच पुढे पुन्हा लिहायला लावला: ४८२४८२. मग तेराने भागून दाखवलं, बाकी शून्य. अकराने, बाकी शून्य. (तीन आकडे दोनदा लिहिणं म्हणजे त्यांना एक हजार एकने गुणणं, आणि एक हजार एक म्हणजे सात गुणिले अकरा गुणिले तेरा. वर्गात याला टाळ्या पडतात.) त्याच भरात मी ओरडलो, "आणि सातनेसुद्धा! कुठलीही संख्या द्या, तिच्यात सात असणारच!"

मामा, शापाचा आकडा म्हणून आपली म्हातारी माणसं जो तोंडानेही उच्चारत नाहीत, तो मी त्यांच्याच क्रमांकातून काढून चुलीसमोर ठेवला होता. न्योकाबीची आत्या किंचाळली, "अरे मेल्या, बायको न्यायला आलास की घर बुडवायला?" वडिलांनी पेनाला टोपण लावलं. म्हणजे बैठक संपली, लग्नही संपलं. मुरिगीकाका नेमके तेव्हा जागे झाले आणि "ठरलं का?" म्हणाले.

तेवढ्यात घेवड्याचं ताट घेऊन न्योकाबी बाहेर आली. ताट खाली न ठेवताच म्हणाली, "बाबा, क्रमांक अजून एकदा लिहा पुढे. आणि भागाकार तुम्हीच करा, याला हात लावू देऊ नका." त्यांनी ४८२४८२४८२ लिहून भागायला घेतलं. सातने भाग गेला नाही! बाकी सहा! म्हातारा असा उठला की जणू त्यानेच सातला काठीने वेशीबाहेर घालवलं होतं. मला मिठी मारली, तिसरं शिंग भरलं, होकार दिला.

तुमचा भाचा,
गितोंगा

ता.क. उरलेले सहा कुणाचे, असं आत्याने विचारलं. बरीच चर्चा होऊन त्या सहा शेळ्या ठरल्या, वधूमूल्याच्या वर. मामा, तुमच्या कळपातून तेवढ्या मिळतील का?

दुसरा ता.क. न्योकाबीने पत्र वाचलं. तीनदा लिहिल्यावर मूळ क्रमांकाचीच बाकी उरते, म्हणून वडिलांचा क्रमांक ४८४ असता तर बाकी एकच उरली असती, असं मी तिला दाखवलं. ती म्हणाली, "एका शेळीसाठी मी ताट घेऊन बाहेर आले नसते." तेव्हा सहाच पाठवा.